झगा तिचा, जळफळाट माझा

मित्रांनो, मी एक जुना शिवणकामाचा पुतळा आहे. दुकानाच्या काचेत उभे असतात ना, गुळगुळीत गालांचे, पापण्या चिकटवलेले, तसला नव्हे. मला मुंडकं नाही, हात नाहीत, आणि कमरेखाली पायांच्या जागी कपडे टांगायचा एक लाकडी खांब आहे. माझ्या अंगात टाचण्या खुपसतात, खडूने रेघा ओढतात आणि काम झालं की कोपऱ्यात ढकलून देतात. आपली जीवनकहाणी सांगणारे बहुतेक सगळे आपण किती सोसलं नि किती सेवा केली हेच सांगत बसतात. तेही मी सांगणार आहे, सोडणार नाही. पण आधी एक गोष्ट कबूल करतो. मी फार जळका आहे. चौतीस वर्षं मी कुणा ना कुणावर जळत आलो, आणि एका मुलीवर तर इतका जळलो की ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. दोघी बहिणींनी मिळून शिवणाचं दुकान काढायचं ठरवलं होतं. धाकटी रीतसर शिवण शिकून आली होती. तीच पुढे साऱ्या गल्लीची मावशी झाली. थोरलीला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हात मोठा चलाख. विकतचा पुतळा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिने धाकटीला जुनी बनियन घालून मधोमध उभं केलं आणि डिंक लावलेल्या खाकी कागदाच्या पट्ट्या पाण्यात बुडवून तिच्या अंगावर चिकटवत सुटली. दोन तास हा कारभार चालला. धाकटीला घेरी यायला लागली, तर थोरली तिलाच दटावत होती, की हललीस तर पुतळा जन्मभर वाकडा राहील. कागद वाळल्यावर तिने पाठीवरून कात्री चालवली आणि संत्र्याचं साल काढावं तसं मला सोडवलं. मग आत कापूस नि चिंध्या ठासल्या, वरून मांजरपाट चढवलं आणि खांबावर बसवलं. हातांचं म्हणाल, तर दंडापाशी येईपर्यंत कागद संपला. हातांचं नंतर बघू, असं थोरली म्हणाली, आणि ते राहूनच गेलं.

म्हणजे मी कोण, तर चोवीस वर्षांची मावशी. ती पुढे अंगाने सुटली, केस पिकले, गुडघे धरले. मी होतो तसाच राहिलो. त्यामुळे मावशीवर पहिला हक्क माझा, असं माझं ठाम मत होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, हे खरं आहे.

कामाचं सांगायचं तर या गल्लीत असं घर नसेल, की ज्यातल्या बाईचा कपडा आधी माझ्या अंगावर चढला नाही. वकीलबाईंचे काळे कोट मी घातले, नवऱ्यामुलींचे पांढरे झगे घातले, चर्चच्या गायनमंडळाचे पायघोळ अंगरखे घातले. गिऱ्हाईक जाडं असलं की मावशी माझ्या कमरेला कापसाच्या पट्ट्या गुंडाळायची, वर जुनी बँडेजं करकचून बांधायची, आणि मी ती बाई व्हायचो. काम झालं की पट्ट्या सुटायच्या, झगा गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, आणि मी पुन्हा मांजरपाटात उघडा उभा.

मावशीची एक रीत होती. कपडा माझ्यावर कितीही सुरेख बसो, गिऱ्हाइकाने तो घालून तिच्यासमोर तीन गोष्टी केल्याशिवाय ती त्याला शेवटची टीप मारायची नाही. हात वर करा, वाका, बसा. वकीलबाई असोत नाहीतर चर्चच्या पाळकबाई, कुणालाही सुटका नव्हती. तिचं म्हणणं असं, की माणूस नुसता उभा राहायला कपडे घालत नाही; त्याला फळीवरचा डबा काढायचा असतो, मूल उचलायचं असतं, बाकावर बसायचं असतं. दिवसातून दहा वेळा तरी ते "हात वर" मी ऐकायचो आणि मनातल्या मनात चडफडायचो. वर करायला मला हात कुठे होते?

आणि तो आरसा! त्याच्याबद्दल बोललो नाही तर मी फुटेन. काम नाही, धाम नाही, भिंतीला टेकून उभा. टाचण्या मी सोसायच्या आणि झगा तयार झाला की बाई वळणार त्याच्याकडे, लाजणार त्याच्यासमोर. पण आरसा बिचारा परवडला. त्याच्याहून मोठं दुखणं दारात आलं ते तेरा वर्षांपूर्वी.

थोरली आजारात गेली. तिची आठ वर्षांची मुलगी, एक पत्र्याची पेटी आणि दप्तर घेऊन, मावशीकडे राहायला आली. गुबगुबीत पोर, गाल असे की डोळे शोधावे लागायचे. दारातून आली ती थेट मावशीच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. मित्रांनो, कापड अर्धं कापलेलं असताना मावशीने कात्री खाली ठेवलेली मी तोवर पाहिली नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर त्या पोरीने डोळे पुसले आणि दप्तर कुठे अडकवलं असेल? माझ्या मानेच्या खुंटीला. पुढे दहावी होईपर्यंत ते तिथेच लटकायचं.

शाळेत पोरं तिला गोणी म्हणत. ते ऐकून मला बरं वाटायचं. मीही तिला मनात गोणीच म्हणू लागलो. मावशी मात्र तिला चिमणी म्हणायची. एवढ्या थोराड पोरीला चिमणी! माझ्यासारख्या, चौतीस वर्षांत एक इंच न वाढलेल्या माणसाला कधी एखादं लाडाचं नाव नाही.

पोर मोठी झाली ती सगळ्या बाजूंनी. कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला लागली. पहाटे कणकेची मोठाली घमेली मळायची, पावांचे तापलेले पत्रे उचलायची, आणि दुपारी पिठाने पांढरी होऊन घरी यायची. दंड चांगले भरलेले, पैलवानाला हेवा वाटावा असे. आवाज मात्र गोड होता. तेवढं कबूल करतो, फार गोड होता. पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात ती कायम मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला उभी राहायची. आवाज ऐकू यावा, आपण दिसू नये, अशी तिची सगळी खटपट. तयार कपड्यांच्या एका दुकानात तिच्या मापाचं काही नाही म्हणून दोन विक्रेत्या एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. त्या दिवसापासून टेप पाहिला तरी तिचा चेहरा उतरायचा.

अशातच मंडळीत फॅशन शो निघाला. दचकू नका. चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे पाळकबाईंच्या डोक्यातली ती कल्पना. मुली म्हणतात अंगभर कपडे म्हणजे आजीचे कपडे, तर अंगभर कपड्यांतही माणूस कसा उठून दिसतो हे आपणच दाखवू, असं त्यांनी मनावर घेतलं. नियम चार. बाही कोपराच्या खाली. गळा मानेच्या हाडापासून दोन बोटं, तिसरं नाही. झगा पोटरी झाकणारा. आणि कापड असं की उजेडासमोर उभं राहिलं तरी आरपार दिसायचं नाही. शिवाय प्रत्येक झगा पवित्र शास्त्रातल्या एकेका गोष्टीवरून सुचलेला हवा. कुणी दिवा घेतला, कुणी द्राक्षवेल, कुणी मेंढपाळाची काठी. एकीने तर मीठ घेतलं.

मंडळीच्या वडीलजनांत एक चष्मेवाले काका होते. त्यांनी बैठकीत नाक मुरडलं. झाकायचंच असेल तर घरी झाका, देवाच्या घरात चालून कसलं दाखवता, असा त्यांचा सवाल होता. पण पाळकबाई बधल्या नाहीत. उलट त्यांनी चालायला सगळ्या प्रकारच्या मुली हव्यात असं ठरवलं, बारीक, जाड, उंच, बुटक्या, आणि एके दुपारी आमच्या दुकानात येऊन भाचीला म्हणाल्या, की सगळ्यात शेवटी तू चालायचंस आणि स्तुतिगीत तूच उचलायचंस.

पोर घामाघूम झाली. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मावशीकडे बघितलं. मावशी खाली मान घालून काज करत होती, पण सुई कापडात शिरत नव्हती. पोरीने ते पाहिलं असावं.

"मला गव्हाचं द्या," ती म्हणाली. "बाकीच्याशी माझी काही ओळख नाही."

पाळकबाई गेल्यावर मात्र ती मावशीसमोर येऊन उभी राहिली. "एकदाच चालते. पण कोणी हसलं ना मावशी, तर पुन्हा मला चार माणसांत उभी राहा म्हणायचं नाही. गाणंसुद्धा बंद."

मावशीने हातातलं काज पुरं करून दोरा तोडला. मग बरं म्हणाली. तेवढ्यावर न थांबता पोरीने दुसरी अट घातली. झगा पुन्हा पुन्हा घालून बघायला लावायचा नाही. म्हणाली, दर वेळी त्या आरशासमोर उभी राहिले तर माझा धीर सुटेल, मी नाही म्हणून बसेन. तयार झाला की एकदाच घालीन. मावशीने तेही कबूल केलं. त्याच दिवशी पोर दमून खाटेवर डुलक्या घेत असताना तिने हळूच टेप फिरवून मापं घेतली, आणि सगळा भार येऊन पडला माझ्यावर.

तीन आठवडे मी गोणी होतो. दोन रजयांचा कापूस लागला! कमरेला पट्ट्या, पोटाला उशी, पाठीला पट्ट्या, आणि वरून इतकी बँडेजं की बघणाऱ्याला वाटावं अपघातातून उठून आलोय. मावशी रोज गिऱ्हाइकांचं काम आटोपून माझ्यासमोर बसायची. पिकल्या गव्हाच्या रंगाचं जाड सुती कापड होतं. खाली घेराला तिने सोनेरी धाग्याने लोंब्या भरल्या, प्रत्येक लोंबीचा दाणा न् दाणा वेगळा, वर कुसळं. चष्मा नाकावर, पाठ दुखतेय, तरी बाई उठायला तयार नाही. आणि माझ्या खांद्यावरून हात फिरवत काय पुटपुटायची, ठाऊक आहे? चिमणी गोड दिसेल. अगं, पण अंगात कुणी घातलाय तो? टाचण्या कुणाच्या पोटात आहेत? मला त्या पोरीचं रूप दिलं आणि लाड मात्र सगळे त्या पोरीचे. माझ्या आतला कापूस पेटत कसा नाही, याचंच मला नवल वाटायचं.

शोच्या आदल्या संध्याकाळी पोरीने झगा घातला.

ती पडद्यामागून बाहेर आली, आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा क्षणभर जळायचं विसरलो. झगा खांद्यावरून सरळ उतरला होता, कुठे ताण नाही, कुठे झोळ नाही. पोर एकदम भरल्या शेतासारखी दिसत होती. तिने आरशात पाहिलं, मान वळवली, पुन्हा पाहिलं. आई असती तर, एवढंच म्हणाली. झालं! मावशी जी रडायला लागली ती थांबेचना. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, मग हसल्या, मग मावशीने झगा उतरवून घेतला, शेवटची टीप मारली आणि इस्त्री करून ठेवून दिला.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं. मावशीने पोरीला हात वर करायला लावलंच नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती विसरली. आणि मला तर पक्कं ठाऊक होतं की मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात तो गोल, तिथे गडबड होणार. हा झगा कापला होता बिनहाताच्या माझ्यावर. बाहीची मापं वहीत होती, पण पत्रे उचलून उचलून कमावलेले ते दंड वर गेले की काखेत किती कापड लागतं, ते मी कुठून सांगणार?

तुम्ही म्हणाल, तुला कुठे बोलता येतं? नाही येत. पण खरी गोष्ट अशी आहे, की येत असतं तरी मी बोललो नसतो. मला आतून बरं वाटलं. उद्या बघू कशी चिमणी ते, असं मी म्हणालो. आजवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला आणखी एक लॉटरी लागली. पाळकबाईंनी निरोप पाठवला की शोभेला पुतळाही आणा. मावशीने उरलेल्या त्याच कापडाची एक केप शिवली होती, खांद्यांवरून घोट्यापर्यंत सुटणारी, बिनबाह्यांची, गळ्याशी एकच बटण. पट्ट्या सोडायला वेळ नव्हता, म्हणून तिने ती तशीच माझ्या अंगावर घातली आणि हातगाडीवरून मला मंडळीच्या हॉलमध्ये नेलं. रस्त्यात गचके बसून आतली उशी खाली घसरली, पण केपमुळे ते झाकलं गेलं. मला मंचावर अगदी पुढे, पियानोच्या शेजारी उभं केलं. मी हिशोब केला. पोर चालणार अर्धा मिनिट. मी उभा राहणार पहिल्यापासून शेवटपर्यंत. हॉल खच्चून भरला होता, आणि समोरच्या रांगेत हाताची घडी घालून चष्मेवाले काका बसले होते. तेही माझ्याकडेच बघत होते. मी अगदी भाव खाऊन उभा होतो.

मुली एकेक करून बाकांच्या मधल्या वाटेने चालत मंचावर आल्या. दिव्याच्या झग्याला पिवळं अस्तर होतं, ते चालताना उजळायचं. मिठाची मुलगी वाटेत अडखळली नि स्वतःच हसली, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी घडी सोडली नाही. मग पियानो थांबला आणि मागच्या दारातून आमची पोर आली.

कोणी हसलं नाही. सांगतोय तसंच झालं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त तिच्या चपलांचा आवाज येत होता आणि घेरावरच्या लोंब्या चालताना हलत होत्या. पहिल्या दहा पावलांत तिची नजर जमिनीवर होती. मग कुणीतरी पुढच्या बाकावरची म्हातारी हळूच वा गं म्हणाली, आणि पोरीने मान वर केली. माझ्या पोटात असं दुखलं म्हणता! टाळ्या पडल्या, ती मंचावर आली, माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली, आणि पाळकबाईंनी खूण केली. आता सगळ्या मुलींनी हात उंचावून स्तुतिगीत म्हणायचं होतं.

पोरीने श्वास घेतला आणि दोन्ही हात वर नेले.

टर्र. उजव्या काखेतली शिवण उसवली. डावीकडची उसवली नाही, पण तिने सगळा झगाच वर ओढला. घेर पोटरीवरून सरकून गुडघ्यावर आला. पोरीने झटकन हात खाली घेतले आणि कोपर अंगाशी घट्ट दाबून धरलं. गाण्याची पहिली ओळ तिची होती. तिच्या तोंडून ती निघालीच नाही. बाकीच्या मुली हात वर करून वाट बघत उभ्या. पियानोने सूर पुन्हा दिला. तो वाजून संपला. मागच्या बाकांवर कुठेतरी फिस्सकन आवाज आला, कुणीतरी हसू दाबत होतं.

हेच तर मला हवं होतं, मित्रांनो. पण दोन हातांवरून मला तिचा चेहरा दिसत होता. तो एकवीस वर्षांचा नव्हता. पत्र्याची पेटी घेऊन दारात आलेल्या पोरीचा होता. तिची नजर मागच्या दाराकडे गेली, आणि मला कळलं की ही आता या दारातून जाईल, आणि पुन्हा कधी गाणार नाही. माझा सगळा जळफळाट कुठे गेला कोण जाणे. मला कधी नव्हे ते हात हवेसे वाटले, तिला धरायला.

तेवढ्यात मावशी मंचावर चढली. गुडघेदुखी विसरून, दोन दोन पायऱ्या. ती पोरीकडे गेली नाही, माझ्याकडे आली. गळ्याचं बटण काढलं आणि एका हिसक्यात माझ्या अंगावरची केप ओढून घेतली. ती पोरीच्या खांद्यांवर घातली, बटण लावलं, आणि लोकांकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "चूक माझी आहे. पोरीला मी हात वर करायला लावले नाहीत."

मग लोकांची नजर माझ्यावर पडली.

अहो, अंगभर कपड्यांचा कार्यक्रम, आणि भर मंचावर उघडा मी! तोही कसा? बँडेजं सुटून लोंबताहेत, पोटाची उशी घसरून खाली खांबाशी आलेली, एका बाजूने रजईचा कापूस बाहेर डोकावतोय. आधी लहान मुलं हसली. मग त्यांच्या आया हसल्या. मग सगळा हॉल खदखदून हसायला लागला. पियानो वाजवणाऱ्या बाईंनी तर पियानोवर डोकं टेकलं. पोरीने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्यासाठी तीन आठवडे काय काय बांधून मी उभा होतो, ते तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि तिलाही हसू फुटलं, रडता रडता, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

मला लाज वाटायला हवी होती. पण हसा, खुशाल हसा, असंच मला वाटत होतं. माझ्याकडे बघा, तिच्याकडे नको.

आणि त्या गदारोळातच ती गायला लागली. केपच्या आतून दोन्ही हात थेट वर गेले, झगा कुठे का वर जाईना, केप घोट्यापर्यंत होती. हसणारे गप्प झाले. तो आवाज मी स्वयंपाकघरातून कितीदा ऐकला होता, पण खांबाच्या आडोशाशिवाय कधीच नाही. दुसऱ्या कडव्याला लोक उभे राहिले. शेवटच्या कडव्याला कोण गातंय आणि कोण नाही हेच कळेना.

गाणं संपल्यावर चष्मेवाले काका उठले. पाळकबाईंचा चेहरा पडला. आता बोलणी बसणार असंच सगळ्यांना वाटलं. काका सावकाश मंचावर आले. मुलींवरून नजर फिरवली, घसा खाकरला.

"सगळं ठीक झालं," ते म्हणाले. "तेवढं त्या पुतळ्याला काहीतरी घाला."

आणि कोणी हलेना म्हणून त्यांनी स्वतःचा कोट काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. पुढून बटणंही लावली, कमरेच्या पट्ट्यांवर बसेनात तरी ओढून ओढून लावली. मित्रांनो, चौतीस वर्षांत शेकडो कपडे मी घातले, पण ते सगळे दुसऱ्या कुणाचे होते. हा एक कोट तेवढा मला घातला होता. माझं अंग झाकावं म्हणून घातला होता. कोटाला कापराचा वास होता आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या होत्या. तो दुसऱ्या दिवशी त्यांना परत गेला, पण घातला होता हे काही परत जात नाही.

आता थोडक्यात सांगतो. त्याच आठवड्यात मावशीने जाड कापडाचा, कापूस भरलेला एक हात शिवून मला टाचला. उजवा. आता प्रत्येक मुंढा तो हात वर करून तपासला जातो. डावा व्हायचाय, नंतर बघू म्हणते, घराण्याची सवयच ती. पोरीच्या झग्याला काखेत मोठा चौकोनी तुकडा घालून दुरुस्त केलं. ती आता गायनमंडळात पुढच्या रांगेत उभी राहते, आणि पुढच्या वर्षीच्या शोसाठी मुलींची मापं घ्यायला टेप घेऊन तीच फिरते. माझ्या पट्ट्या सोडायची वेळ आली तेव्हा मावशी थोडी थांबली. मलाही त्या सुटू नयेत असं वाटत होतं. दुसऱ्या बाईचं काम होतं, त्यामुळे सुटल्या. त्या दिवशी मला फार हलकं आणि गार वाटलं, आणि पोर बेकरीतून येईपर्यंत करमलं नाही.

जळणं गेलं का, असं विचाराल तर छे. आरसा अजून तिथेच आहे ना! शिवाय दुकानात परवा वाफेची नवी इस्त्री आलीय, तिचं जे कौतुक चाललंय ते मला बघवत नाही.

तेव्हा मित्रांनो, या जुन्या पुतळ्याचं दोन शब्दांत ऐका. आमच्यासारख्यांना माळ्यावर फेकू नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. तुमच्या अंगावरचा कपडा कुणाच्या तरी पाठदुखीतून आलाय, हे विसरू नका. आणि शेजारच्याची शिवण उसवणार आहे हे तुम्हाला एकट्यालाच दिसत असेल, आणि ते बघून तुम्हाला आतून बरं वाटत असेल, तर माझ्यासारखे गप्प राहू नका. आधी जाऊन सांगा. मग घरी येऊन हवं तेवढं जळा.